धनुष्याचे लिम्ब कापायला कोणतं ब्लेड? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाकडाच्या पातळ पट्ट्या आणि फायबरग्लास एपॉक्सीने चिकटवून घरीच लाँगबो (लांब, साधं धनुष्य) किंवा रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) बनवणाऱ्यांचे प्रश्न फिरूनफिरून तेच असतात. धनुष्य साच्यातून छान निघतं, गोंद नीट बसलेला असतो, आणि मग बाहेरचा आकार कापताना ब्लेड दगा देतं. म्हणून हे एकदाचं लिहून ठेवतो आहे.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. मुठीच्या वर आणि खाली वाकणारे जे दोन हात, ते लिम्ब. मी पूर्वी त्यांना 'पाती' म्हणायचो. पण करवतीचंही पातंच, त्यामुळे कुठलं पातं कशाने कापलं याचा घोळ व्हायला लागला. इथे धनुष्याचे ते लिम्ब आणि करवतीचं ते ब्लेड. मुठीचा जाड भाग म्हणजे रायझर.

लाकडाचं ब्लेड फायबरग्लासवर चालत नाही का?

चालतं. एकदा.

माझं पहिलं धनुष्य मी बँडसॉला, म्हणजे चाकांवर ब्लेडची अखंड पट्टी फिरवणाऱ्या करवतीला, आधीपासून लावलेल्या साध्या कार्बन स्टीलच्या ब्लेडवर कापलं. ६ मिमी रुंद, इंचाला ६ दात. पहिल्या लिम्बची पहिली कड लोण्यासारखी निघाली. दुसऱ्या कडेला हाताने थोडं रेटावं लागलं. दुसऱ्या लिम्बला ब्लेड रेघ सोडून उजवीकडे पळायला लागलं, आणि शेवटच्या वीतभर भागात कड तपकिरी होऊन प्लॅस्टिकचं बटण जळल्यासारखा वास सुटला. एका धनुष्यात ब्लेड संपलं. नंतर त्याच ब्लेडवर साधा पाइन घातला तर तोही धड कापेना.

कारण सरळ आहे. फायबरग्लासच्या पट्टीत लांबीच्या दिशेने काचेचे लाखो बारीक धागे एपॉक्सीत घट्ट बसवलेले असतात. काच कडकपणात पोलादाच्या दाताच्या फार मागे नाही, त्यामुळे दाताच्या टोकाला ती कानशीसारखी घासते. त्यात लाकडाचा बँडसॉ मिनिटाला ९०० मीटरच्या आसपास पळतो. या वेगाला दात तापतात, आणि साधं कार्बन स्टील तापलं की मऊ पडतं. मऊ पडलं की आणखी घासतं, आणखी तापतं.

मग घेऊ कोणतं?

छंद म्हणून वर्षाला दोनचार धनुष्यं बनवणार असाल आणि घरी १४ इंची चाकांचा बँडसॉ असेल, तर बायमेटल, अर्धा इंच रुंद, १० ते १४ टीपीआय. टीपीआय म्हणजे एका इंचातले दात. एवढंच उत्तर हवं असेल तर पुढचं वाचू नका.

बायमेटलमध्ये मागची पट्टी लवचीक स्प्रिंग स्टीलची असते आणि दातांची कड हायस्पीड स्टीलची, बहुतेक वेळा एम४२ म्हणजे ८ टक्के कोबाल्ट असलेली. लोखंड कापणाऱ्या वर्कशॉपमध्ये हेच लावतात. हे तापलं तरी धार लगेच सोडत नाही. काच यालाही खाते, पण हळूहळू खाते.

याच्या वर कार्बाइड ग्रिट. याला दातच नसतात. पोलादी पट्टीच्या कडेला टंगस्टन कार्बाइडचे कण पक्के बसवलेले असतात आणि ब्लेड कापण्याऐवजी घासत जातं. नुसत्या फायबरग्लाससाठी याच्यासारखं दुसरं नाही. स्टारेट आणि लेनॉक्स या दोघांचीही अशी ब्लेडं येतात. त्यात दोन प्रकार आहेत: सलग कडेचं आणि मध्ये खाचा असलेलं. साधारण ६ मिमीपर्यंतच्या जाडीला सलग कड चांगली. त्यापेक्षा जाड मालाला खाचांचं घ्यावं, नाहीतर भुसा बाहेर पडायला वाटच राहत नाही.

पण लिम्ब म्हणजे नुसती काच नव्हे, आणि घोडं नेमकं इथेच अडतं. दोन्ही बाजूंना जेमतेम एकेक मिलिमीटर काच आणि मध्ये सातआठ मिलिमीटर लाकूड. ग्रिट काचेवर खूश असतं आणि लाकडावर रुसतं. भुसा कणांमध्ये भरतो, कड काळी पडते, आणि रेटलं तर ब्लेड मागे वाकतं. उलट दाताचं ब्लेड लाकडावर खूश आणि काचेवर झिजतं. बायमेटल हा या दोघांमधला तह आहे. रोज लिम्ब कापणारा कारागीर ग्रिट घेईल, तो वेळ देऊन ब्लेडचे पैसे वाचवतो. आपल्याला ते गणित लागू नाही.

कार्बाइडचे दात झाळलेलं बँडसॉ ब्लेड सगळ्यांत महाग आणि खरंच उत्तम. पण ती पट्टी जाड असते, लहान मशीनला तिला नीट ताणताच येत नाही. घरच्या मशीनसाठी मी ते सुचवणार नाही.

टीपीआय एवढं महत्त्वाचं का?

कापताना मालाच्या जाडीत एका वेळी किमान तीन दात असले पाहिजेत. लिम्ब टेबलावर आडवा ठेवून कापतो तेव्हा जाडी १० मिमी धरा. ४ टीपीआयचं ब्लेड लावलं तर मालात जेमतेम दीड दात असतो. म्हणजे प्रत्येक दात काचेच्या कडेवर हातोडीसारखा आदळतो आणि खालची काच टवके उडवत निघते. १० टीपीआयला चार दात येतात, १४ ला पाच ते सहा. आवाजावरूनही फरक कळतो: जाड दातांचं ब्लेड टकटक करतं, बारीक दातांचं सुसू करत जातं.

बँडसॉला आणखी बारीक, २४ वगैरे, नको. दातांमधल्या खाचा एवढ्याशा असतात की एपॉक्सी आणि लाकडाची पूड त्यात गच्च बसते आणि ब्लेड कापणं सोडून नुसतं चोळत बसतं.

रायझरजवळ जाडी ५० मिमी होते. तिथेही हेच ब्लेड?

हा या सगळ्यातला सर्वांत चांगला प्रश्न, आणि तो फार थोडे जण विचारतात. ५० मिमी लाकडात १४ टीपीआयचे सत्तावीस-अठ्ठावीस दात एकदम अडकतात. मशीन कण्हायला लागतं आणि लाकूड जळतं.

इथे ब्लेड बदलण्यापेक्षा कामाचा क्रम बदलावा. रायझरचा बाजूचा आकार, म्हणजे मुठीकडून लिम्बकडे निमुळता होत जाणारा उतार, गोंद लावण्याआधीच कापला जातो. तेव्हा ते नुसतं लाकूड असतं. त्याला ३ किंवा ४ टीपीआयचं, मोठ्या खाचांचं, चांगल्या धारेचं लाकडाचं ब्लेड लावा आणि मजेत कापा. मधल्या लाकडी पट्ट्याही तेव्हाच रुंदीला कापून घ्या. काच चिकटल्यावर बँडसॉवर फक्त बाहेरचा आकार उरला पाहिजे. बाणाची खिडकी, म्हणजे बाण जायला रायझरमध्ये ठेवलेली खाच, कापायची असेल तर खडबडीत काम ब्लेडने करून बाकीचं कानस आणि स्पिंडल सँडरवर सोडा.

कोणतं ब्लेड घ्यायचं हे ठरवण्याआधी काचेतून किती इंच कापायचं आहे ते मोजा. आखणी नीट केली तर ते अंतर निम्म्यावर येतं. धनुष्याच्या रुंदीचीच काचेची पट्टी मागवली, साधारण दीड ते दोन इंच, तर वाया जाणारी काचही कमी.

रुंदी किती घ्यावी? बारीक ब्लेडने वळणं चांगली येतात ना?

येतात, पण लिम्बला वळणं आहेत कुठे? मुठीपासून टोकापर्यंत जवळजवळ सरळ, निमुळती रेघ. पाव इंची ब्लेड साधारण १६ मिमी त्रिज्येत वळतं, अर्धा इंची ६४ मिमीत. लिम्बच्या रेघेला अर्धा इंची सहज पुरतं आणि ते भरकटत नाही. फक्त मुठीच्या कंबरेला पाव इंचीची गरज भासते, आणि तिथे मी हातानेच कापतो.

रुंदीपेक्षा पट्टीची जाडी जास्त लोक चुकतात. १४ इंची चाकाला ०.६ मिमी जाडीची पट्टी बरी. ०.९ मिमीची मोठ्या मशीनची पट्टी लहान चाकावर प्रत्येक फेरीला जास्त ताणली जाते, आणि काही दिवसांत मागच्या कडेला केसाएवढी चीर दिसते. दिसली की काढून टाका. ती पुढे वाढतेच.

कापताना खालची काच फाटते, टवके निघतात. काय करू?

ब्लेड खाली जातं, तेव्हा वरची काच लाकडावर दाबली जाते आणि खालची लाकडापासून ढकलली जाते. तिला खालून आधार द्या. लिम्बखाली प्लायवूड किंवा एमडीएफची पट्टी दुतोंडी टेपने चिकटवा आणि दोन्ही एकत्र कापा. टेबलाच्या मधली झिजलेली चकती बदलून नवी घाला, तिच्यात ब्लेडपुरतीच फट असू द्या. वरच्या काचेवर मास्किंग टेप लावून रेघ टेपवर काढा. काळ्या काचेवर पेन्सिल दिसत नाही, टेपवर दिसते, हा त्याचा आणखी एक फायदा.

ब्लेडला सरळ धरून ठेवणारं वरचं गाइड मालापासून पाचसहा मिलिमीटरवर आणा. बहुतेकांचं ते हातभर वर टांगलेलं असतं.

आणि रेघेवर कापू नका. दीड ते दोन मिलिमीटर बाहेरून जा. ब्लेडचं काम रेघेजवळ नेऊन सोडण्याचं. रेघेला पोचवायचं ते ६० नंबरच्या पट्ट्याने बेल्ट सँडरवर, आणि शेवटी कानस आणि काचकागदाने. ज्याने ब्लेडनेच रेघ गाठायची जिद्द धरली, त्याच्या लिम्बच्या कडेला एक तरी टवका रेघेच्या आत गेलेला मी पाहिला आहे. तो टवका पुढे दोरी ओढल्यावर चीर होतो.

एखादा काचेचा धागा सुटून उचललाच, तर ओढू नका. पातळ सायनो गोंदाचा (सुपरग्लूचा) थेंब सोडा, दाबून ठेवा, वाळल्यावर कानशीने घासा. ओढलात तर तो वीतभर सोलत जाईल.

मुठीकडून टोकाकडे कापायचं की उलट?

मुठीकडून टोकाकडे. धागे सरळ लांबीत आहेत आणि आपली रेघ टोकाकडे आत येते. मुठीकडून निघालात तर पुढे एखादा धागा फाटला तरी तो टाकाऊ भागात जातो. टोकाकडून निघालात तर तोच धागा लिम्बच्या अंगात शिरतो. रंधा मारणाऱ्या कुठल्याही सुताराला हे सांगावं लागत नाही. कानस मारतानाही हीच दिशा.

रिकर्व्हचं वळलेलं टोक टेबलावर बसत नाही.

बसत नाही, म्हणूनच ते धोक्याचं. लिम्ब टेबलापासून अधांतरी असेल तर ब्लेड त्याला खाली खेचतं. माझा असाच एक लिम्ब टेबलावर धाडकन आपटला, ब्लेड पिळून तुटलं आणि टोकाची काच दोन इंच उलली. बोटं वाचली, ती नुसत्या नशिबाने.

नियम एकच: ब्लेडखालचा बिंदू प्रत्येक क्षणी टेबलाला किंवा आधाराला टेकलेला हवा. वळणाच्या मापाचा लाकडी ठोकळा करून त्यावर लिम्ब टेपने बांधा. साच्याचा उरलेला तुकडा यासाठी आयता मिळतो. ठोकळा करायचा कंटाळा असेल तर शेवटचे सहा इंच हॅक्सॉने, म्हणजे हातकरवतीने, कापा. धनुष्य पाचसाडेपाच फूट लांब असतं, तेव्हा मागचं टोक धरायला कोणीतरी असावं किंवा स्टँड लावावा.

माझ्याकडे बँडसॉ नाही. जिगसॉ, हॅक्सॉ, ग्राइंडर?

हॅक्सॉ, म्हणजे आपलं एक्सा ब्लेड, अजिबात कमी लेखू नका. २४ टीपीआयचं बायमेटल, उदाहरणार्थ बाहकोचं सँडफ्लेक्स, घ्या. एका धनुष्याला दोनतीन लागतील, खांदा दुखेल, पण कड मशीनपेक्षा स्वच्छ येते. फ्रेमची खोली आड येते तेव्हा ब्लेड ९० अंशांत फिरवून बसवा. हॅक्सॉच्या फ्रेममध्ये बसणारं कार्बाइड ग्रिटचं ब्लेडही मिळतं.

जिगसॉ मला आवडत नाही. त्याचं साधं ब्लेड वर येताना कापतं, त्यामुळे वरची काच उचलली जाते आणि सगळा लिम्ब थरथरतो. वापरायचाच असेल तर कार्बाइड ग्रिटचं ब्लेड लावा, झुलती गती बंद ठेवा आणि लिम्बला बाकावर दोन शिकंज्यांत घट्ट धरा.

ग्राइंडर किंवा मार्बल कटरवर फरशीवाले वापरतात ते डायमंड ब्लेड, सलग कडेचं, काचेच्या सुट्ट्या पट्ट्या लांबीला कापायला झकास. फरशीला खाचांचं ब्लेड चालतं, इथे सलगच हवं. चिकटवलेल्या लिम्बला मात्र नको. ते मधलं लाकूड जाळतं आणि उष्णतेने एपॉक्सी मऊ होतो. आणि जी धूळ उडते तिच्याविषयी खाली वाचा.

टोकाला दोरीची खाच करायला कसलंच ब्लेड नको. ४ मिमीची गोल कानस, चेनसॉची साखळी घासायची असते ती, किंवा डायमंडची बारीक कानस.

तयार लिम्ब कापून धनुष्य आखूड किंवा कडक करता येईल का?

नाही. लिम्बची जाडी आणि निमुळतेपणा त्याच्या लांबीशी जुळवलेला असतो. दोन इंच कापले की वाकण्याची जागा सरकते आणि टोकाला खाचेसाठी लावलेला जाड थरही जातो.

कंपाउंडचा, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचा, तर विषयच काढू नका. साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरच्या ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंडमध्ये जागतिक विजेतेपद मिळवल्यापासून मला जुन्या कंपाउंडच्या लिम्बविषयी विचारणारे बरेच भेटले. ते लिम्ब दोरी न ओढताही ताणाखाली असतात. त्यांना ब्लेड, कानस, ड्रिल काहीही लावायचं नाही.

धुळीचं काय? मी तोंडाला रुमाल बांधतो.

रुमाल पुरत नाही. एन९५ किंवा एफएफपी२ मास्क, बाजूने बंद असलेला चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. बँडसॉखाली व्हॅक्यूमची नळी लावा. नंतर झाडू मारू नका, धूळ पुन्हा हवेत उडते. व्हॅक्यूम किंवा ओलं फडकं घ्या.

काचेचे तुकडे कातडीत रुततात आणि दोन दिवस खाज सुटते. आधी न चोळता भरपूर गार पाण्याने धुवा, मग साबण. तो शर्ट घरच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकू नका. हे मी आमच्या घरात एकदा केलं आहे. पुन्हा करायची हिंमत नाही.

एपॉक्सी पूर्ण कडक झाल्याशिवाय कापू नका. अर्धवट कच्च्या एपॉक्सीची धूळ कातडीला आणि श्वासाला जास्त त्रास देते, आणि चिकट पुडीने दातही भरतात.

मशीनकडेही बघा. काचेची पूड गाइडच्या बेअरिंगमध्ये आणि चाकांवरच्या रबरात बसते. प्रत्येक धनुष्यानंतर ब्रश आणि व्हॅक्यूम.

ब्लेड मिळतं कुठे? काय सांगून मागायचं?

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी. एमआयडीसीच्या आसपास बँडसॉची पट्टी मीटरवर मोजून जोडून देणारे असतात. चार गोष्टी लिहून न्या: लांबी, रुंदी, पट्टीची जाडी, टीपीआय. बहुतेक १४ इंची मशीनना २३७५ मिमी, म्हणजे साडेत्र्याण्णव इंच लागतं. पण आपल्या मशीनचं जुनं ब्लेड मोजूनच सांगा.

जोड तपासून घ्या. वेल्ड केल्यावर पट्टी तिथे पुन्हा तापवून मऊ करावी लागते, नाहीतर ती काचेसारखी ठिसूळ राहते. मला एका दुकानातून आलेलं ब्लेड पहिल्याच दिवशी बरोबर जोडावर तुटलं होतं. जोडावरून नख फिरवा. उंचवटा लागला तर घासून द्यायला सांगा. तो प्रत्येक फेरीला गाइडवर आपटतो आणि त्याची खूण लिम्बच्या कडेवर उमटते.

ब्लेड संपलं हे कसं ओळखायचं?

रेटावं लागतं, रेघ एका बाजूला पळते, कड तपकिरी होते. पण तोवर उशीर झालेला असतो. त्याआधी बघायचं असेल तर घड्याळजी डोळ्याला लावतो ती भिंग घ्या आणि दाताच्या टोकावर टॉर्च मारा. धारदार टोक दिसतच नाही, कारण प्रकाश परतवायला त्याला सपाटी नसते. झिजलेल्या दातावर पांढरा ठिपका चमकतो. काही दातांवर असे ठिपके दिसले की ते ब्लेड चांगल्या कामाला नको. एकाच बाजूच्या दातांवर ठिपके असतील, तर ब्लेड त्याच्या उलट बाजूला का पळतं तेही कळेल.

कार्बन स्टीलला कानशीने धार लावता येते. बायमेटलच्या नादी लागू नका. ग्रिटला धार लावता येत नाही, पण सलग कडेचं ग्रिट ब्लेड आतून बाहेर उलटवून दुसऱ्या दिशेने चालवता येतं. कणांची न वापरलेली बाजू समोर येते.

माझ्याकडे भिंतीवर दोन खिळे आहेत. एकावर लाल रंग लावलाय, तिथे काचेची ब्लेडं. लाकडाचं ब्लेड थोडं म्हातारं झालं की लाल खिळ्यावर जातं आणि छोट्यामोठ्या काचेच्या कामाला येतं. उलट प्रवास कधीच नाही.

बांबू, सागवान, कार्बन?

बांबूच्या सालीत सिलिका असते आणि सागवानातही असते. त्यामुळे काच नसली तरी दोन्ही धार खातात. बायमेटल वापरा. कार्बन फायबर असेल तर ग्रिट किंवा डायमंडच. त्याची धूळ विजेला वाट देते, मोटारीत जाऊ देऊ नका.

कापून उरलेल्या पट्ट्या टाकून द्यायच्या का?

मुळीच नाही. लिम्बच्या दोन्ही बाजूंनी निघालेल्या त्या लांब, निमुळत्या चिपा म्हणजे तुमच्याच गोंदाचा नमुना. एक पट्टी शिकंज्यात धरून पटाशीने काच आणि लाकूड वेगळं करायचा प्रयत्न करा. लाकडाचे रेषे उपटून काचेला चिकटून आले, तर गोंद पक्का. काच गुळगुळीत, चकचकीत सुटून आली, तर धनुष्याला दोरी चढवू नका. बाकीच्या पट्ट्यांवर तारीख टाकून ठेवा. नवीन ब्लेड आलं की ते आधी त्यांच्यावर चालवून बघायला हाताशी राहतील.